बोटीच्या इंजिनाचं मोटारीतलं कुळ

अमेरिकेत 1960च्या दशकात बांधलेल्या काही मोटरबोटींत ग्रे मरीन कंपनीचं ‘फायरबॉल’ हे व्ही-8 इंजिन सापडतं. आकारमान 327 घनइंच, म्हणजे साधारण 5.4 लिटर. ते उघडायची वेळ आली की नवखा मालक हमखास शेवरोलेच्या भागांकडे वळतो. शेवरोलेचंही 327 घनइंचांचं व्ही-8 होतं. ते कॉर्व्हेटसारख्या गाड्यांत बसलं आणि त्याचे सुटे भाग आजही हवे तेवढे मिळतात. मालक तरीही खबरदारी घेतो, पुस्तक काढून मापं ताडून बघतो. सिलिंडरचा व्यास 4 इंच, पिस्टनची चाल सव्वातीन इंच. शेवरोलेचंही तंतोतंत तेच. मग निर्धास्तपणे हेड गॅस्केट मागवलं जातं, आणि ते ब्लॉकवर ठेवल्यावर कळतं की बोल्टची भोकं जुळतच नाहीत.

कारण ग्रेचं 327 शेवरोलेचं नाहीच. ते अमेरिकन मोटर्सचं. त्या कंपनीने ते 1957 साली रॅम्बलर रिबेल गाडीत आणलं. शेवरोलेचं 327 आलं ते 1962च्या मॉडेलांत. दोन कंपन्यांनी आपापल्या सोयीने व्यास आणि चाल यांचे तेच आकडे निवडले, एवढाच दोघांचा संबंध. रॅम्बलरचं हे इंजिन पुढे जीप वॅगोनीअरमध्येही बसलं, म्हणून फायरबॉलचं गॅस्केट मागायचं ते जुन्या जीपचे भाग ठेवणाऱ्याकडे. गोंधळात भर म्हणजे त्याच काळात क्रिस-क्राफ्टनेही आपल्या बोटींत 327 इंजिनं बसवली, आणि ती मात्र खरोखर शेवरोलेची होती.

जुन्या बोटीच्या इंजिनाचा भाग शोधायचा तर आधी त्याचं कुळ शोधावं लागतं, ते यासाठी. पाटीवरचं नाव उपयोगी नाही, आणि नुसत्या मापावरही भागत नाही. कुळ लागलं की निम्मी दुरुस्ती सोपी होते. उरलेल्या निम्म्याला मात्र कुळच नसतं, आणि मिस्त्रीचा कस लागतो तो तिथे.

ब्लॉक एकाचा, पाटी दुसऱ्याची

इनबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन. त्याचा शाफ्ट तळातून तिरका बाहेर पडतो आणि टोकाला पंखा फिरतो. मागच्या फळीला टांगलेलं आउटबोर्ड बिघडलं तर उचलून दुकानात नेता येतं. इनबोर्ड मात्र बोटीतच बांधलेलं. मिस्त्रीलाच आत उतरावं लागतं. पहिल्या महायुद्धानंतरची चार-पाच दशकं अमेरिकेतल्या तलावांवर आणि नद्यांवर महोगनीच्या चकचकीत बोटी धावत होत्या, त्यांत बहुतेक हीच इंजिनं होती. पाट्यांवर नावं असत ती क्रिस-क्राफ्ट, ग्रे, क्रायस्लर, करमॅथ, स्क्रिप्स अशी. यांतली बरीच नावं डेट्रॉईट आणि परिसरातली, मोटारींच्याच गावातली.

इंजिनाचा ब्लॉक ओतायचा तर फाउंड्री लागते, साचे लागतात, मशीनशॉप लागतं. हा खर्च भरून निघायला इंजिनं हजारोंनी खपावी लागतात, आणि बोटींचा खप तेवढा नव्हता. म्हणून बोटवाल्या कंपन्या मोटारीसाठी, ट्रकसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी ओतलेला तयार ब्लॉक घेत, त्यावर पाण्यात लागणारे भाग चढवत आणि आपली पाटी लावत. मिशिगनमधल्या अल्गोनॅकच्या क्रिस-क्राफ्टची ‘के’ आणि ‘एम’ मालिकेची प्रसिद्ध सहा सिलिंडरी इंजिनं अशीच झाली. त्यांचे ब्लॉक ओहायोतल्या कँटन गावच्या हर्क्युलीस कंपनीचे. ‘एम’ ज्या हर्क्युलीस घराण्यातलं, त्याच घराण्याचं इंजिन दुसऱ्या महायुद्धात स्टुडबेकरच्या यूएस6 ट्रकांत होतं. या ट्रकांतले बरेचसे रशियाला गेले आणि सोव्हिएत फौजेने त्यांच्यावर कात्युशा रॉकेटं चढवली. तलावावर सहलीला निघालेल्या बोटीची आणि आघाडीवरच्या ट्रकची पिस्टन रिंग एकाच मापाची असू शकते, ती अशी.

ग्रेची अनेक इंजिनं कॉन्टिनेंटल कंपनीच्या ब्लॉकवर उभी राहिली, आणि 1944मध्ये कॉन्टिनेंटलने ग्रे कंपनीच विकत घेतली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींत ग्रे मरीनचं 225 अश्वशक्तीचं डिझेल असे. ते मुळात जनरल मोटर्सचं 6-71. शर्मन रणगाड्याच्या एम4ए2 या प्रकारात अशीच दोन डिझेलं शेजारी-शेजारी जोडलेली होती.

दोन अर्धी

अशा इंजिनाचे मनातल्या मनात दोन भाग पाडता येतात. ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व, बेअरिंगं हा मोटारीकडून आलेला अर्धा. पाण्याचं कवच असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, समुद्राचं पाणी ओढणारा पंप, रिव्हर्स गिअर, तिरक्या बैठकीसाठी वेगळं बनवलेलं तेलाचं पॅन हा बोटीसाठी जोडलेला अर्धा. पहिल्या अर्ध्याचे भाग ट्रॅक्टरवाल्याकडे, ट्रकच्या जुन्या भांडारात, वेल्डिंग सेटच्या किंवा कॉम्प्रेसरच्या इंजिनात सापडतात, कारण हर्क्युलीस आणि कॉन्टिनेंटलचे ब्लॉक या सगळ्यांत बसले होते. दुसऱ्या अर्ध्याचे भाग निघाले तेवढेच निघाले. कंपनी बंद पडली की तेही थांबले.

कुळ ओळखायला पाटी पुरत नाही. पाटी दोन-चार स्क्रूंवर असते, निघते आणि दुसऱ्या इंजिनावर जाते. ब्लॉक ओततानाच उमटलेला आकडा मात्र ब्लॉकचाच असतो. वायर ब्रशने रंग आणि गंज खरवडून तो आकडा वाचायचा, हेडवरचा आकडा वेगळा टिपायचा, कारण साठ-सत्तर वर्षांत कुणी ना कुणी हेड बदललेलं असू शकतं. कार्बुरेटरवर, डिस्ट्रिब्युटरवर आणि पंपावर त्यांच्या कंपन्यांच्या स्वतंत्र पाट्या असतात. झेनिथचा कार्बुरेटर, डेल्को-रेमी किंवा ऑटो-लाइटचा डिस्ट्रिब्युटर, ओबरडॉर्फरचा पंप, मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटनचा पॅरागॉन रिव्हर्स गिअर: या वस्तू वेगवेगळ्या ब्रँडच्या इंजिनांवर बसत. एका बंद कंपनीचा भाग दुसऱ्या बंद कंपनीच्या मालात मिळतो, तो यांच्यामुळे.

कागदपत्रांचाही शोध घ्यावा लागतो. व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरीनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्टचं दप्तर आहे. बोटीच्या तळावरचा क्रमांक कळवला की तिच्या मूळ कार्डाची प्रत मिळू शकते आणि कारखान्यातून निघताना तिच्यात कोणतं इंजिन होतं हे कळतं. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन गावी जुन्या बोटींचं मोठं संग्रहालय आहे. 1975 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला स्थापन झालेल्या अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटीच्या सभासदांकडे जुने पार्ट्स कॅटलॉग असतात, आणि त्यांतल्या, भाग सुटे करून काढलेल्या आकृत्या इंजिन परत बांधताना फार कामाला येतात.

काही भागांना तर कुळही लागत नाही. ऑइल सील शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळतं. बॉल बेअरिंग क्रमांकावर मिळतं: 6203 म्हणजे आतला व्यास 17 मिलिमीटर, बाहेरचा 40, रुंदी 12, मग ते पुण्यात घ्या की डेट्रॉईटमध्ये. पिस्टन रिंगाही व्यास आणि रुंदी सांगून मिळतात. तोच भाग बोटीच्या इंजिनाचा म्हणून मागितला तर दुकानदार एक तर नाही म्हणतो, नाहीतर किंमत वाढवतो.

मॅनिफोल्डची गोष्ट

सर्वांत आधी जातो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. मोटारीचा मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत तापला तरी बाहेरचा वारा त्याला थंड करतो. बोटीच्या पोटात तसं चालत नाही. शेजारी लाकूड असतं, पेट्रोलची टाकी असते. म्हणून बोटीच्या मॅनिफोल्डला दुहेरी भिंत देतात आणि मधल्या पोकळीतून पाणी खेळवतात. एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, मध्ये बिडाची काही मिलिमीटरची भिंत. ती आतून गंजते आणि बाहेरून काही दिसत नाही. छिद्र पडलं की पाणी व्हॉल्ववाटे सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जुनं इंजिन हाती आलं की जाणता मिस्त्री मॅनिफोल्डची सगळी तोंडं बंद करतो, आत हवेचा दाब देतो, तो पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो.

नवा मॅनिफोल्ड मिळत नसेल तर ओतून घ्यावा लागतो. जुनाच मॅनिफोल्ड फर्मा म्हणून वाळूत दाबला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे एक टक्का. जुना मॅनिफोल्ड 600 मिलिमीटर लांब असेल तर त्याच्यावरून ओतलेला 594 भरतो, आणि टोकाकडची भोकं ब्लॉकच्या स्टडांवर बसत नाहीत. म्हणून फर्मा एक टक्का मोठा करावा लागतो, घासून सपाट करायच्या पृष्ठभागांवर आणखी दोन-तीन मिलिमीटर माल ठेवावा लागतो, आणि पाण्याच्या पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा लागतो. पूर्वीचे फर्माकार आकसण्याची ही वाढ आधीच धरलेली वेगळी मोजपट्टी वापरत. आता मॅनिफोल्ड थ्रीडी स्कॅन करून, संगणकावर एक टक्का वाढवून फर्मा छापून घेता येतो. हत्यार बदललं, तरी तो एक टक्का धरावा लागतोच.

उलटं फिरणारी भावंडं

दोन इंजिनांच्या बोटीत आणखी एक पेच असतो. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढली जाते, म्हणून एक उजवीकडे आणि एक डावीकडे फिरवतात. त्यासाठी कंपन्या तेच इंजिन उलट्या दिशेचं बनवत. वरून बघितलं तर दोघं सारखी. आत मात्र कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टर वेगळा, स्पार्क देण्याचा क्रम उलटा, आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल परत आत ढकलणारे आटे उलट दिशेचे. ट्रकचा कॅमशाफ्ट अशा इंजिनात बसतो, पण इंजिन चालत नाही. सरळ दिशेचं सील घातलं तर तेल आत राहण्याऐवजी बाहेर पंप होतं. म्हणून भाग मागवताना फिरण्याची दिशा सांगावी लागते, आणि ती कुठून बघून ठरवली तेही सांगावं लागतं, कारण फ्लायव्हीलकडून बघितलेली उजवी दिशा विरुद्ध टोकाकडून डावी दिसते.

बसतो, पण बसवायचा नाही

मोटारीचा भाग अगदी नेमका बसतो तिथेही एक सीमा आहे, आणि ती जिवाशी निगडित आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती रस्त्यावर पसरून जाते. बोटीला खाली भोक नाही. वाफ तळाशी साचत राहते आणि एक ठिणगी पुरते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये आणि डायनॅमोमध्ये ब्रशांपाशी ठिणग्या उडतच असतात. बोटीसाठीच्या स्टार्टरची बांधणी अशी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. दोन्ही एकाच कारखान्यातले, एकाच बोल्टवर बसणारे, पण मोटारीचा स्वस्त म्हणून बोटीत घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

कार्बुरेटरचंही तसंच. बोटीचा कार्बुरेटर भरून वाहिला तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच जावं, अशी त्याची रचना असते. त्याच्या तोंडावर धातूच्या जाळ्यांची किंवा पट्ट्यांची टोपी असते. इंजिनाने उलटा भडका मारला तर ती ज्वाळेतली उष्णता शोषून घेते. अमेरिकेत 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या पेट्रोल इनबोर्डला ही टोपी कायद्याने लागते. सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटं ब्लोअर चालवून तळातली हवा बाहेर काढायची, असं अमेरिकन तटरक्षक दल सांगतं.

ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या टिकल्यांची सीमा वेगळी. मोटारीच्या टिकल्या लोखंडी पत्र्याच्या. खाऱ्या पाण्यात त्या लवकर जातात. तिथे पितळेच्या हव्यात. जाणकार माणसाच्या यादीत म्हणून तीन रकाने असतात: मोटारीचा चालेल, मोटारीचा पण दुसऱ्या धातूत, आणि मोटारीचा मुळीच नको.

जे बोटीसाठीच जन्मलं

याला एक मोठा अपवाद आहे. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावच्या युनिव्हर्सल मोटर कंपनीने 1947पासून जवळपास 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘ॲटोमिक फोर’ बनवलं. चार सिलिंडर, साधारण 1.05 लिटर, 30 अश्वशक्ती, व्हॉल्व डोक्यावर न ठेवता बाजूला. हे कुठल्या मोटारीवरून घेतलेलं नव्हतं. शिडाच्या बोटींना बंदरात शिरताना लागणारी मदत म्हणूनच ते आखलं होतं. म्हणजे कुळ नाही, तर भागही नाहीत, असं व्हायला हवं होतं. पण 40,000 हून अधिक इंजिनं निघाली, आणि एवढ्या बोटी पाण्यात असल्या की कुणीतरी दुकान थाटतोच. ही इंजिनं पुन्हा बांधून देणारे आणि नवे भाग करून विकणारे व्यावसायिक अमेरिकेत आजही आहेत. 30 अश्वशक्तीचं हे पेट्रोल इंजिन उत्पादन थांबल्यानंतरही दशकानुदशकं चालतं आहे, ते या संख्येच्या जोरावर.

त्याच्या खोड्या मिस्त्रींना पाठ आहेत. पाण्याच्या पंपात रबरी पानांचं चक्र असतं. पाण्याशिवाय ते थोडा वेळ जरी फिरलं तरी पानं तुटतात. नवं चक्र घालून काम संपत नाही. तुटलेल्या पानांचे तुकडे मोजून बाहेर काढावे लागतात, नाहीतर ते पुढच्या वाटेत अडकतात आणि इंजिन तापतं. दुसरी खोडी सुरू न होणाऱ्या इंजिनाची. स्टार्टर मारत राहिलं की पंप पाणी ओढत राहतो, पण इंजिन पेटलेलं नसल्याने ते बाहेर ढकलायला वायू नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलट सिलिंडरमध्ये येतं. म्हणून बराच वेळ स्टार्टर मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याची तोटी आधी बंद करायची, आणि इंजिन पेटताच उघडायची.

पुढे युनिव्हर्सलनेही डिझेल इंजिनांसाठी तयार ब्लॉकचीच वाट धरली. त्यांचे ब्लॉक कुबोटाच्या ट्रॅक्टरचे होते. आजचा शिडाच्या बोटीचा मालक त्यासाठी फिल्टर शोधताना शेतीच्या दुकानात जातो. आपल्या कोकणच्या बंदरांत हे नवल वाटणार नाही. तिथे ट्रॉलरवर लेलँडचं इंजिन असतं, आणि ट्रकला काय चालतं आणि समुद्रात काय चालत नाही हे तिथल्या फिटरला कॅटलॉग न बघता सांगता येतं.

हात घालण्याआधी

वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन मिळालं तर पहिला नियम म्हणजे स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि थांबायचं. अमेरिकेतले हौशी लोक ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून वापरतात. काही दिवसांनी क्रँकशाफ्टला पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे हलवायचं. इंजिन फिरलं तरी बाजूचे व्हॉल्व अडकलेले असू शकतात. झाकण काढून ते एकेक वर-खाली होतात का ते बघायचं. अडकलेल्या स्टडवर जोर लावला तर तो ब्लॉकमध्येच तुटतो. त्याला तापवून, थंड करून, पुन्हा तापवून सोडवावं लागतं.

इंजिन उघडल्यावर जो भाग बदलायचा तो टाकून द्यायचा मोह होतो. तिथे थांबलं पाहिजे. बंद पडलेल्या कंपनीचं रेखाचित्र बहुधा मिळत नाही, आणि मग तो झिजलेला भाग हेच एकमेव रेखाचित्र उरतं. झिजलेल्या भागावरही न झिजलेल्या जागा असतात. सिलिंडरमध्ये रिंगा जिथे पोचत नाहीत, त्या अगदी वरच्या पट्ट्यात आणि अगदी खाली, मूळ व्यास तसाच राहतो. शाफ्टवर सीलच्या घासणीबाहेर मूळ माप असतं. व्हर्निअर तिथे लावायचा, आकडा वहीत उतरवायचा, शेजारी जुळलेल्या भागाचा क्रमांक आणि तो कोणत्या गाडीचा हेही लिहायचं. इंजिन विकताना ती वही आणि जुने भाग नव्या मालकाला द्यायचे. ग्रेचं 327 जीपच्या दुकानात शोधायचं हे आज सांगता येतं, ते आधी कुणीतरी चुकीचं गॅस्केट परत करताना बरोबरचं कोणतं हे लिहून ठेवलं म्हणून.